'दा ड्रॉट ३' ऐकून "कच्चं" वाटलं, तर मत चुकलं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकट्या भावाने मागे लागून तुम्हाला अमेरिकन रॅपर लिल वेनची 'दा ड्रॉट ३' ही मिक्सटेप (अल्बमसारखाच गाण्यांचा संच, पण रीतसर विक्रीला न काढलेला) ऐकायला लावली. तुमच्यासाठी ती नवीनच. दोन डिस्क, २९ ट्रॅक, बीट (म्हणजे शब्दांखाली वाजणारं संगीत) जवळजवळ सगळे दुसऱ्यांच्या गाण्यांचे, धड हुक (परत परत येणारी, तोंडात बसणारी ओळ) क्वचितच, आवाज कुठे चढा तर कुठे दबलेला, मध्येच लायटर पेटवल्याचा आवाज, मध्येच खोकल्यासारखं हसणं. भाऊ म्हणतो, रॅपमध्ये याच्यावर मिक्सटेप झाली नाही. तुम्ही दहापैकी पाच गुण दिलेत, "कच्चं काम" असा शेरा मारलात आणि आता घरात वाद सुरू आहे. तुम्ही विचारताय की, मला रॅप कळत नाही की भाऊ उगाच डोक्यावर घेतोय?

मी रॅपर मुलांचं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतो, पोटापाण्याचा धंदाच तो आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमचं मत चूक नाही, पण त्या पाचात तीन वेगळ्या जणांचे गुण एकत्र झालेत. एक, ज्याने ही फाइल यूट्यूबवर चढवली त्याचे. दुसरे, मिक्सटेप या प्रकाराचे. आणि उरलेले वेनचे. वेनबद्दल मत द्यायचं असेल तर आधीचे दोन बाजूला काढावे लागतील.

फाइलचं आधी उरकतो. ही मिक्सटेप एप्रिल २००७ मध्ये फुकट आली. बीट वापरायची रीतसर परवानगी नसल्यामुळे ती कंपनीने विकायला काढलेल्या अल्बमसारखी दुकानात आली नाही. लोकांनी एमपीथ्री उतरवल्या, सीडीवर राइट केल्या, त्या सीडीवरून पुन्हा कुणी एमपीथ्री केल्या, मग कुणी त्याचा व्हिडिओ करून चढवला आणि यूट्यूबने तो परत दाबला. फाइल अशी लहान करायला दाबली की दर वेळी आवाजातलं काहीतरी गळतं. आधी जातात ते हाय-हॅट (ड्रमसोबतची झांज) आणि 'स', 'श'सारखी व्यंजनं. हाय-हॅट पाण्याखाली वाजल्यासारखा येत असेल तर तो दोष रेकॉर्डिंगचा नाही, या प्रवासाचा आहे. वर तुम्ही फोनच्या स्पीकरवर ऐकलं असेल तर बासचा मोठा भाग तुमच्यापर्यंत आलाच नाही. दक्षिणेकडच्या रॅपमधून बास काढला की राहतं काय? एकच टेप दोन-तीन ठिकाणांहून तपासा, त्यातल्या त्यात बरी प्रत निवडा, आणि साधे का होईना, पण कानात बसणारे हेडफोन लावा. एवढ्यानेच अर्धा गुण वाढेल, पैज.

तरीही सगळा खडबडीतपणा प्रतीचा नाही. थोडा मुळातच आहे, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

अल्बमचं गाणं मिक्सिंगला येतं तेव्हा किक (मोठा ड्रम) वेगळी, स्नेअर (छोटा, कडक वाजणारा ड्रम) वेगळा, बास वेगळा, कीबोर्ड वेगळा, असा एकेक ट्रॅक हातात असतो. गायकाचा आवाज झाकला जातोय असं वाटलं तर नेमकं जे आड येतंय तेवढंच खाली करता येतं. मिक्सटेपला हा चैनीचा मामला नसतो. तिथे हातात येतो तो तयार इन्स्ट्रुमेंटल (शब्दांविना नुसतं संगीत), डावा-उजवा एवढे दोनच चॅनेल. आम्ही त्याला टू-ट्रॅक म्हणतो. त्या काळात कंपन्या डीजेंसाठी बारा इंची सिंगल (एका गाण्याची तबकडी) काढत, त्यावर गाण्यासोबत इन्स्ट्रुमेंटलही दिलेला असे. तोच उचलायचा. तो आधीच मास्टर झालेला असतो, म्हणजे आवाज वरच्या मर्यादेपर्यंत ठासून भरलेला. आता या भरल्या पोत्यात रॅपरचा आवाज कुठे कोंबायचा? बीट दोन-चार डेसिबलने खाली घ्यायचा, दोन-तीन किलोहर्ट्झच्या आसपास, जिथे शब्द उमटतात, तिथे त्याला ईक्यूने (ठरावीक पट्टीचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) थोडा खड्डा पाडायचा आणि आवाज कॉम्प्रेसरने आवळून वर ठेवायचा. स्नेअर फार टोचतोय? टोचू दे, त्याला एकट्याला हात लावता येत नाही. म्हणून मिक्सटेपमध्ये आवाज बीटच्या आत बसत नाही, वर चिकटवल्यासारखा राहतो. आणि प्रत्येक बीट वेगळ्या निर्मात्याचा, वेगळ्या स्टुडिओत मास्टर झालेला, म्हणून एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जाताना आवाज उडी मारतो. तुम्ही टिपलेला "चढा-दबलेला" प्रकार तो हाच.

आजही मुलं माझ्याकडे यूट्यूबवरून उतरवलेला 'टाइप बीट' (एखाद्या गाजलेल्या रॅपरच्या ढंगाचा तयार बीट) घेऊन येतात, वर दर वीस सेकंदांनी निर्मात्याचा टॅग, म्हणजे त्याच्या नावाची हाक, ओरडत असतो, आणि म्हणतात, "दादा, अल्बमसारखं वाजलं पाहिजे." तेव्हा मला हेच सगळं परत सांगावं लागतं. नेझीचं 'आफत' २०१४ मध्ये आलं ते कुर्ल्याच्या पोराने इंटरनेटवरून घेतलेल्या बीटवर आयपॅडवर केलेलं काम होतं. ते ऐकून कुणी मास्टरिंगबद्दल तक्रार केल्याचं मला आठवत नाही. मुंबईत लोक हललेच.

आता प्रकाराबद्दल. मिक्सटेपला अल्बमची फूटपट्टी लावली की ती नापासच होणार, कारण ती अल्बम व्हायला निघालेलीच नसते. सुरुवातीला तर ती रॅपरची वस्तूच नव्हती. १९७३ पासून न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्क आणि त्याच्या मागोमागच्या डीजेंच्या पार्ट्या सुरू झाल्या, त्यांच्या कॅसेटी हातोहात फिरू लागल्या. पुढे किड कॅप्री, रॉन जी, डीजे क्लू यांच्या टेपा विकल्या जायच्या त्या डीजेच्या नावावर. बाजारात न आलेलं गाणं कुणाकडे आधी आहे, यावर भाव ठरायचा. ह्यूस्टनमध्ये डीजे स्क्रूने गाणी संथ करून ती घोटून घोटून ऐकवण्याची वेगळीच तऱ्हा काढली. तो २००० मध्ये वारला, पण त्याच्या टेपांचा नाद ह्यूस्टनने अजून सोडलेला नाही.

ही वस्तू डीजेकडून रॅपरच्या हातात आणण्यात फिफ्टी सेंट या रॅपरचा वाटा मोठा. मे २००० मध्ये त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, नंतर कंपनीने करार गुंडाळला. अल्बम काढायची सोय उरली नाही, तेव्हा २००२ मध्ये त्याने आणि त्याच्या जी-युनिट या गटाने दुसऱ्यांचे गाजलेले बीट उचलले आणि त्यावर स्वतःचे हुक बसवले. काही हुक मूळ गाण्यापेक्षा जास्त तोंडात बसले. त्याच वर्षीची त्याची आणखी एक टेप एमिनेम या बड्या रॅपरच्या कानावर गेली. पुढे करार झाला, आणि फेब्रुवारी २००३ मध्ये आलेला त्याचा अल्बम पहिल्याच आठवड्यात ८ लाख ७२ हजार प्रती विकून बसला. तेव्हापासून प्रत्येक नव्या रॅपरला कळलं की मिक्सटेप म्हणजे परवानगीची वाट न बघता स्वतःचं दुकान मांडणं.

यात चोरी आहे का? कायद्याच्या भाषेत आहे. आणि ढोंग दोन्हीकडून होतं. कंपन्या जाहिरातीसाठी स्वतःच आपल्या रॅपरचं नवं काम मिक्सटेपवाल्या डीजेंना पुरवत. तरी १६ जानेवारी २००७ रोजी अटलांटामध्ये डीजे ड्रामा आणि डॉन कॅनन यांच्या स्टुडिओवर पोलिसांचा छापा पडला. सोबत रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेची माणसं होती. सुमारे ८१ हजार सीडी जप्त झाल्या आणि दोघांवर संघटित गुन्हेगारीचं कलम लागलं, आपल्याकडे मकोका लावतात त्या जातीचं. हाच ड्रामा आठेक महिन्यांपूर्वी वेनसोबत 'डेडिकेशन २' काढून बसला होता, आणि २००६ साली त्या टेपचं कौतुक मोठमोठ्या वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. त्या छाप्यानंतर तीनच महिन्यांत वेनने 'दा ड्रॉट ३' फुकट सोडून दिली. वर डीजे नाही, टॅग नाही, "एक्सक्लुझिव्ह" म्हणून कुणी ओरडत नाही. तुम्हाला ती उघडीवाघडी वाटली ती यामुळेही. ड्रामाच्या टेपा ऐकून सवय झालेल्या कानाला मात्र तीच मोकळी वाटते.

वेन त्या काळात कुठे उभा होता हेही बघा. त्याचा 'था कार्टर २' डिसेंबर २००५ मध्ये आला आणि पुढचा 'था कार्टर ३' थेट १० जून २००८ ला. मधल्या अडीच वर्षांत त्याचा एकट्याचा स्टुडिओ अल्बम नाही. ऑगस्ट २००५ च्या कतरीना वादळात त्याचं न्यू ऑर्लिन्स पाण्याखाली गेलं होतं, त्याच्या कॅश मनी या रेकॉर्ड कंपनीचा सगळा कारभार मायामीला हलला होता. अडीच वर्षं माणूस गप्प बसता तर विसरला गेला असता. त्याने उलट केलं: मिक्सटेपा, दुसऱ्यांच्या गाण्यात पाहुणा म्हणून सोळा-सोळा बार (बार म्हणजे बीटचं एक आवर्तन, साधारण एक ओळ), लीक झालेली गाणी, नुसता पूर आणला. एवढं फुकट वाटल्यावर विकत कोण घेणार, असं शहाणे म्हणत होते. 'था कार्टर ३' पहिल्या आठवड्यात दहा लाखांवर खपला, तोही सीडीचा धंदा बसत चाललेला असताना.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो, "दुसऱ्याचे बीट घेतले, त्यात काय मोठं?"

गणपतीत सिनेमाच्या चालीवर भक्तिगीतं ऐकू येतात ना, तिथे चाल उसनी घेतात ती सोयीसाठी. लोकांना आधीच पाठ असते, टाळ लगेच पडतात. मिक्सटेपमध्येही ऐकणाऱ्याला चाल पाठ असते, पण उसनवारी सोयीची नसते, भांडणाची असते. मूळ गाणं रेडिओवर चालू असतानाच दुसरा त्याच बीटवर उभा राहतो आणि म्हणतो, हा बीट माझ्या हातात असता तर बघा काय झालं असतं. म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोक्यात दोन गाणी एकाच वेळी वाजायला हवीत. तुमच्या डोक्यात एकच वाजलं, कारण २००६-०७ चा अमेरिकन रेडिओ तुम्ही ऐकलेला नाही. यात कमीपणा काही नाही, पण गंमत तिथेच सांडली.

उदाहरण देतो. 'अपग्रेड' हा ट्रॅक बियॉन्सेच्या २००६ च्या 'अपग्रेड यू'च्या बीटवर आहे, आणि मूळ गाण्यात रॅपर जे-झी पाहुणा आहे. त्यातले ते दणकेबाज ब्रास (पितळी वाद्यांचे सूर) बेटी राइटच्या १९६८ च्या गाण्यातून घेतलेले. मूळ गाणं नीट आखलेलं आहे: इथे कडवं, इथे हुक, इथे जे-झीचा प्रवेश. वेन ही आखणी पुसून टाकतो. बियॉन्से श्वास घ्यायला थांबते तिथे तो वाक्य संपवत नाही, हुकची जागा आली तरी थांबत नाही, त्याच दमात पुढे जातो. मूळ गाणं दोन वेळा ऐकून लगेच हे लावा. हुक नाही ही तुमची तक्रार तशीच राहील कदाचित, पण तो हुक का गाळलाय हे कळेल. हुक असता तर त्याला दम खायला जागा मिळाली असती, आणि ती त्याला नको होती.

'वी टेकिन ओव्हर'चं प्रकरण आणखी मजेशीर. डीजे खालेदच्या मूळ गाण्यात रॅपरांची रांग आहे आणि शेवटची पाळी वेनचीच आहे. डांजा या निर्मात्याचा तो बीट चाल करून येणाऱ्या फौजेसारखा. मूळ गाण्यात वेनला वाट बघावी लागते. मिक्सटेपवर रांग नाही, सगळं मैदान त्याचं, आणि तो पहिल्या बारपासून अशा तावात आहे जणू मूळ गाण्यात अडवून धरलेलं सगळं इथे सुटलंय. मला विचाराल तर टेपवरचा सर्वोत्तम ट्रॅक हाच. माइक जोन्सच्या 'मिस्टर जोन्स'चा बीट तर त्याने इतका आपलासा केला की तो कानावर पडला की बहुतेकांना वेन आठवतो, बिचारा माइक जोन्स नाही. अंकचं 'वॉक इट आउट' हे अटलांटाचं नाचाचं गाणं, त्यावर फार काही म्हणावं असं त्यात नाही, आणि वेनच्या हातूनही ते फार वर जात नाही.

तो काय करतो हे कानाने पकडायचं असेल तर शब्द सोडा, आधी फक्त शब्दांतले स्वर (आ, ई, ओ वगैरे) ऐका. ओळीच्या शेवटी एक स्वर धरतो आणि सात-आठ ओळी त्याच स्वरावर उतरवतो, यमक शेवटी तर असतंच, पण ओळीच्या पोटातही तीनदा येऊन जातं. मग तुम्हाला पुढचं यमक ओळखू येऊ लागलं की अर्धा बार आधीच स्वर बदलतो. दुसरी खोड बीटच्या मागे रेलण्याची. स्नेअर पडून गेल्यावर जरासा उशिरा शब्द टाकतो, चुकलाय असं वाटेपर्यंत, आणि ओळीच्या शेवटी बरोबर एकवर, म्हणजे समेवर येतो. याला आमच्याकडे पॉकेट म्हणतात. नवशिके रॅपर हे करायला जातात आणि सरळ बेताल होतात, मग मला एकेक शब्द ओढून जागेवर बसवावा लागतो. तिसरी गोष्ट श्लेष. वेन वही-पेन घेऊन लिहीत नाही, मायक्रोफोनसमोर उभा राहून ओळी रचतो, हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलंय. त्यामुळे एका शब्दाचा दुसरा अर्थ सापडला की तिथूनच पुढची ओळ निघते, विषय गेला उडत. खेळाडूंची नावं, खाण्याचे पदार्थ, कार्टून, बंदुका, काहीही कशालाही जोडलं जातं. हे वाचून कळत नाही, आणि पहिल्यांदा ऐकून तर नाहीच. न्यू ऑर्लिन्सचा उच्चार आपल्या कानाला जड जातो. जीनियससारख्या साइटवर ओळीओळीचे अर्थ आहेत, पण ते रसिकांनी लिहिलेले, सगळे खरे मानू नका. निम्मे श्लेष लिहिणाऱ्याच्या डोक्यातले असतात.

ते हसणं आणि लायटर? अल्बमच्या रेकॉर्डिंगमध्ये मी असले आवाज काढून टाकतो. इथे ते ठेवलेत आणि बरं केलंय. ओळीच्या शेवटी तो हसतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला स्वतःलाच आत्ता सुचलेल्या गोष्टीची गंमत वाटलेली असते. लायटरचा तो खटका तर त्याची सहीच झाला, नंतरच्या अल्बममध्येही तो ऐकू येतो.

आता भावाची बाजू थोडी कमी करतो, नाहीतर तो हा मजकूर तुमच्या तोंडावर फेकेल. लांबीबद्दल तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. २९ ट्रॅकमध्ये मी निम्म्याहून कमी परत परत ऐकतो. दुसरी डिस्क मध्यावर बसते. विषय मोजके: मी सर्वांत भारी, माझे पैसे, माझी नशा, माझं शहर, आणि बायकांबद्दलचं बोलणं तर बऱ्याच ठिकाणी नुसतं घाणेरडं आहे, तिथे कारागिरी पुढे करून पांघरूण घालण्यात अर्थ नाही. कातर लावणारा कुणी खोलीत नव्हता हे कळतं. मिक्सटेपच्या चाहत्यांना हा मोकळेपणा वाटतो, मला कित्येकदा आळस वाटतो. सुचलं ते सगळं ठेवलं, एवढंच.

आणि "सर्वांत थोर" वगैरे. त्याच माणसाची 'डेडिकेशन २' मी हिच्या वर ठेवतो, ते एका ट्रॅकमुळे. लुडाक्रिस आणि फील्ड मॉब यांचं 'जॉर्जिया' नावाचं, आपल्या राज्याच्या अभिमानाचं गाणं होतं, त्यात जेमी फॉक्स रे चार्ल्सच्या जुन्या 'जॉर्जिया'ची ओळ गातो. वेनने तोच बीट घेतला, हुकमधल्या त्या राज्याच्या नावापुढे 'बुश' जोडलं आणि राज्याच्या कौतुकाचं गाणं कतरीनाच्या वेळी न्यू ऑर्लिन्सला वाऱ्यावर सोडणाऱ्या राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्यावरचा आरोप करून टाकलं. उसन्या बीटने काय साधता येतं याचं याहून चोख उदाहरण मला माहीत नाही. मूळ गाण्यातला गोडवा तसाच वाजत राहतो आणि त्यावर बुडालेल्या शहराची हकीकत येते. तोच मजकूर नव्या, गंभीर बीटवर केला असता तर निम्मा बोथट झाला असता. 'दा ड्रॉट ३'मध्ये हात जास्त सफाईदार आहे, पण असं टोचणारं तिथे काही सापडत नाही.

एक सावधगिरी. ही सगळी फूटपट्टी २००७ च्या मिक्सटेपची. आज कुणी "नवी मिक्सटेप" म्हणून काही काढलं तर ती जशीच्या तशी लावू नका, कारण शब्द तोच राहिला आणि वस्तू बदलली. ड्रेकची 'सो फार गॉन' फेब्रुवारी २००९ मध्ये फुकट आली, पण त्यात रेडिओवर चालेल असं स्वतःचं गाणं होतं आणि ते चाललंही. चान्स द रॅपरची 'कलरिंग बुक' मे २०१६ मध्ये नुसत्या स्ट्रीमिंगवर आली, आधी दोन आठवडे एकट्या ॲपल म्युझिकवर, आणि त्या कंपनीने त्यासाठी ५ लाख डॉलर दिल्याचं त्याने नंतर स्वतः सांगितलं. पुढच्या वर्षी तिला सर्वोत्तम रॅप अल्बमचा ग्रॅमी मिळाला. आता याला मिक्सटेप म्हणायचं ते कशाच्या जोरावर? चान्स म्हणतो म्हणून. ज्या ड्रामाला बेड्या पडल्या, त्याचाच आरडाओरडा मुद्दाम ठेवलेला टायलर द क्रिएटरचा अल्बम २०२१ मध्ये आला आणि त्यालाही ग्रॅमी मिळाला. आपल्याकडे दिल्लीच्या सीधे मौत या रॅपर जोडीने २०२३ मध्ये 'लंच ब्रेक' काढली, ३० ट्रॅक, मिक्सटेप म्हणूनच. लांबी आणि मोकळेपणा जुन्या मिक्सटेपचा, पण स्ट्रीमिंगवर रीतसर उपलब्ध. अशा ठिकाणी बीटचे वेगवेगळे ट्रॅक इंजिनियरच्या हातात असतात, वेळ असतो, पैसाही असतो. तिथे आवाज दबलेला वाटला तर बिनधास्त गुण कापा. "मिक्सटेपच आहे हो" ही पळवाट तेव्हा कुणालाही देऊ नका, माझ्यासारख्यांना तर अजिबात नाही.

तेव्हा पुन्हा ऐकायचं असेल तर सलग २९ ट्रॅक लावून बसू नका. 'वी टेकिन ओव्हर', 'अपग्रेड' आणि 'मिस्टर जोन्स'च्या बीटवरचा ट्रॅक, एवढे तीनच घ्या, प्रत्येकाच्या आधी मूळ गाणं, दोन वेगळ्या दिवशी. त्यानंतरही पाचच वाटले तर पाच ठेवा, आणि भावाला विचारा की यातली किती मूळ गाणी त्याने ऐकलीत. बऱ्याचदा अशा भक्तांनीही मूळ ऐकलेलं नसतं, थोरवी ऐकीव असते.

पुढे काय ऐकू असंही तुम्ही विचारलंत. 'डेडिकेशन २' घ्या, ड्रामाच्या ओरडण्याचा पहिली दहा मिनिटं त्रास होईल, मग कान ते बाजूला सारायला शिकतो. वेनचीच २००९ ची 'नो सीलिंग्ज' स्ट्रीमिंगवर सापडेल, पण ती २०२० मध्ये तिथे आली तेव्हा परवानगी न मिळालेले ट्रॅक गाळून आली, म्हणजे तुमच्या हातात कापलेली प्रत पडते. चान्सच्या 'ॲसिड रॅप'चंही २०१९ मध्ये तसंच झालं: 'ज्यूस'च्या जागी गाणं नाही, अर्ध्या मिनिटाचा निरोप, की सॅम्पलची (दुसऱ्या गाण्यातून उचललेल्या तुकड्याची) परवानगी मिळाली नाही. म्हणून जुनी मिक्सटेप ऐकायच्या आधी मूळ ट्रॅकची यादी एकदा ताडून बघा, नाहीतर पुढचा वादही दोघांनी वेगवेगळ्या टेपा ऐकून घातलेला असेल.